बचावपटूच्या हाताखाली शिकलेला फुटबॉल : विश्रामबागमधील एका प्रशिक्षण वर्गाविषयी

सांगलीत मुलांना खेळाच्या वर्गाला घालायचे ठरले की पालक आधी क्रिकेटची चौकशी करतात, आणि ज्या गावात विजय हजारे जन्मले तेथे त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. कुस्ती आणि कबड्डी तर या जिल्ह्याच्या अंगातच आहे. फुटबॉलचे नाव काढणाऱ्याला मात्र बहुतेक जण सरळ कोल्हापूरचा रस्ता दाखवतात. विश्रामबाग परिसरातील एका शाळेच्या मैदानावर संध्याकाळी चालणाऱ्या फुटबॉल वर्गात माझी मुलगी आणि माझा पुतण्या जातात; त्यांना सोडण्या-आणण्याच्या निमित्ताने मैदानाच्या कडेला बसून जे पाहिले, त्यावरून हा अभिप्राय लिहीत आहे. वर्ग चालवणाऱ्या सरांनी आपले नाव कोठेही छापू नये अशी विनंती केली आहे. आहेत तेवढ्याच मुलांना वेळ पुरत नाही, अशी त्यांची अडचण आहे, म्हणून ती विनंती पाळतो. ज्यांना खरोखर जायचे आहे, त्यांना विश्रामबागेत संध्याकाळी विचारले तर मैदान सहज सापडेल.

या वर्गाचे वेगळेपण सरांच्या कारकिर्दीतून आले आहे, त्यामुळे त्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. सर मिरजेचे. शाळेत असताना उंचीमुळे त्यांना संघात मागे उभे केले गेले आणि पुढे ते कायम मागेच खेळले. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर ज्या ईर्षेने खेळतात, ती ईर्षा ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिथल्या ‘बॅक’वर, म्हणजे मागे खेळणाऱ्या बचावपटूवर, किती दडपण असते हे सांगावे लागणार नाही. सर त्याच मैदानावर अनेक हंगाम खेळले, नंतर काही काळ पुण्यात खेळले, आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्यावर तिशीच्या आतच त्यांना थांबावे लागले. त्यानंतर नोकरी सांभाळून त्यांनी प्रशिक्षकाचे आधी डी आणि मग सी लायसन्स घेतले. ही सगळी माहिती ते विचारल्यावरच देतात, आणि तीही दोन-चार वाक्यांत. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात, गोल वाचवणाऱ्याला ‘आज चुकला नाही’ एवढेच म्हणतात, हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडून मी एकदा ऐकले, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

नव्या मुलाला येथे पहिल्या दिवसापासून गोलावर फटके मारायला मिळतील, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. सुरुवातीचे काही आठवडे मुले उभे कसे राहायचे, मान कशी वळवायची आणि बोलायचे कसे, एवढेच शिकतात. ऐकताना हे कंटाळवाणे वाटते, पण प्रत्यक्षात तसे नाही. शंकू मांडून दहा पावले रुंदीची एक पट्टी आखली जाते. एका टोकाकडून एक मूल चेंडू घेऊन येते आणि दुसऱ्याने त्याला अडवायचे असते, मात्र पहिल्या फेऱ्यांमध्ये चेंडूला पाय लावायचा नाही. अडवणाऱ्याने अंग तिरके ठेवायचे, एक पाय पुढे, गुडघे सैल, अंतर हातभर, आणि मागे सरकत सरकत समोरच्याला कडेच्या रेषेकडे न्यायचे. सर शेजारून पळत सांगत असतात, ‘बॉलकडं बघू नकोस, त्याच्या कंबरंकडं बघ. पाय फसवतोय, कंबर फसवत न्हाई.’ माझी मुलगी आधी प्रत्येक वेळी उडी घेऊन चेंडूवर पाय टाकायची आणि समोरचा तिला सहज चुकवून जायचा. काही आठवड्यांनी तीच मुलगी दोन पावले मागे सरकून वाट पाहू लागली, आणि समोरच्या मुलाचा चेंडू पायापासून वीतभर लांब गेला त्याच क्षणी पुढे झाली. चेंडू तिने इतका अलगद काढून घेतला की त्या मुलाला दोन पावले पुढे गेल्यावर कळले. वाट पाहणे हे कौशल्य आहे आणि ते शिकवता येते, हे मला त्या मैदानावर पहिल्यांदा दिसले.

बोलण्याचा सराव हा या वर्गाचा दुसरा विशेष. मागे उभ्या असलेल्या खेळाडूला सगळे मैदान समोर दिसते. पुढच्यांना पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागच्याने सतत सांगत राहायचे, कोण मोकळा आहे, कोण अंगावर येतो आहे, वळायला वेळ आहे की नाही. येथे सरांनी कबड्डीचा आधार घेतला आहे. कबड्डीत बचाव करणारे कोपरा आणि कव्हर एकमेकांशी न बोलता चढाईपटूवर गेले तर काय होते, हे सांगलीच्या मुलाला वेगळे समजावावे लागत नाही. तीच साखळी चार बॅकमध्ये हवी, एक पुढे गेला की शेजारच्याने आत सरकलेच पाहिजे, हे मुले एका संध्याकाळी उचलतात. घरी फारसा न बोलणारा माझा पुतण्या मैदानावर ‘डावीकडं बघ, माणूस हाय’ म्हणून ओरडतो, तेव्हा त्याच्या आईला अजूनही आश्चर्य वाटते.

पायाच्या सफाईकडेही दुर्लक्ष होत नाही, आणि त्यामागचे कारण सर मुलांना इतिहासासकट सांगतात. १९९२ पर्यंत बचावपटूने चेंडू गोलरक्षकाकडे मागे द्यावा आणि त्याने तो हातात घ्यावा, असा सोपा सुटकेचा मार्ग होता. १९९० च्या विश्वचषकातील कंटाळवाण्या, वेळकाढू खेळानंतर तो नियम बदलला आणि सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताळण्यास बंदी आली. २०१९ पासून तर गोल किकचा, म्हणजे गोलापासून खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या फटक्याचा, चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याचीही आवश्यकता उरली नाही, त्यामुळे खेळाची उभारणी थेट गोलरक्षकापासून होऊ लागली. नुसता दांडगा, चेंडू लांब भिरकावणारा बॅक आता चालत नाही. त्याला दोन्ही पायांनी नेमका पास देता आलाच पाहिजे. म्हणून आठवड्यातील एक संध्याकाळ केवळ कमजोर पायासाठी राखून ठेवलेली असते.

लहान मुलांच्या पालकांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी आणखी एक गोष्ट. स्वतः आयुष्यभर डोक्याने चेंडू परतवलेला हा माणूस बारा वर्षांखालील मुलांना हेडिंगचा सराव देत नाही. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने दहा वर्षे व त्याखालील मुलांसाठी हेडिंगवर बंदी घातली आहे, आणि इंग्लंडच्या संघटनेनेही २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून ते काढून टाकण्याची सूचना दिली, याची त्यांना नीट कल्पना आहे. या मुलांना ते चार नंबरचा चेंडू देतात, ज्याचे वजन साधारण ३५० ते ३९० ग्रॅम असते. मोठ्यांच्या पाच नंबरच्या चेंडूचे ४१० ते ४५० ग्रॅम. शाळांच्या मैदानांवर आठ-नऊ वर्षांची मुले पाच नंबरचा भिजलेला चेंडू लाथाडताना मी पाहिली आहेत, आणि त्यामुळेच या काळजीचे मोल मला अधिक वाटते.

मैदान काळ्या मातीचे आहे. उन्हाळ्यात ते दगडासारखे टणक होते आणि जुलै-ऑगस्टमध्ये चिखलाने बूट ओढून घेते. त्या दोन महिन्यांत अनेक संध्याकाळी खेळ बंदच असतो. अशा वेळी इतर वर्ग सुटी देतात. येथे शाळेच्या एका खोलीत फळ्यावरचा वर्ग भरतो, आणि माझ्या मते या साऱ्या उपक्रमातील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. सर खडूने मैदान आखतात, जुन्या सामन्यांतील प्रसंग मांडतात आणि मध्येच थांबून विचारतात, ‘आता तू असतास तर कुठं गेला असतास?’ उत्तर चुकले तरी कोणी हसत नाही.

याच वर्गात, सरांच्या गोष्टींतून, मुलांना भारताचे जुने फुटबॉलपटू जर्नेलसिंग भेटले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून हरला होता. पुढे थायलंडविरुद्ध खेळताना भारताच्या या भक्कम बचावपटूच्या डोक्याला जखम झाली, टाके घालावे लागले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यानंतर त्यांना उपांत्य सामन्यात बचावात न ठेवता चक्क आघाडीला खेळवले. जर्नेलसिंगांनी उपांत्य सामन्यात गोल केला, आणि अंतिम सामन्यात त्याच दक्षिण कोरियाविरुद्ध भारत २-१ असा जिंकला त्यातील एक गोलही त्यांचाच होता, दुसरा पी. के. बॅनर्जी यांचा. त्याच स्पर्धेत आपल्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी कुस्तीत पदके जिंकली, हे सरांनी सांगताच खोलीतली मुले एकदम सावरून बसली. जकार्ता त्यांच्यासाठी जवळचे झाले.

जर्नेलसिंग आणि त्यांचे बचावातील साथीदार अरुण घोष दोघेही पुढे प्रशिक्षणाकडे वळले. पण सरांचा खरा आदर्श आहे हैदराबादचे सय्यद नईमुद्दीन. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताने कांस्यपदक मिळवले तेव्हा हा बचावपटू संघाचा कर्णधार होता. त्या स्पर्धेतील फुटबॉलचे पदक भारताला त्यानंतर आजवर मिळालेले नाही. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९९० मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबला आयएफए शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स या तिन्ही स्पर्धा एकाच हंगामात जिंकून दिल्या, आणि १९९७ व २००५ मध्ये भारताच्या संघाला दक्षिण आशियाई विजेतेपद. खेळाडू म्हणून अर्जुन आणि प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य, असे दोन्ही पुरस्कार त्यांच्या नावावर आहेत. शिस्तीबाबत ते अत्यंत कडक म्हणून ओळखले जात. सरांनी त्यांच्याकडून वक्तशीरपणा घेतला आहे, कडकपणा मात्र घेतलेला नाही, आणि लहान मुलांच्या बाबतीत हे योग्यच आहे.

मागे खेळलेला माणूसच चांगला प्रशिक्षक होतो, असा सरांचा दावा नाही. १९७० च्या त्या बँकॉकच्या संघाला घडवणारे पी. के. बॅनर्जी स्वतः आघाडीचे खेळाडू होते, हे तेच मुलांना सांगतात. तरीही कर्णधार म्हणून १९७४ चा आणि प्रशिक्षक म्हणून १९९० चा विश्वचषक जिंकणारे जर्मनीचे बेकेनबाउर, २०१९ ते २०२४ या काळात भारताला शिकवणारे क्रोएशियाचे इगोर स्टिमाच, आणि भारताच्या बचावात अनेक वर्षे उभे राहून नंतर राष्ट्रीय युवा संघाची जबाबदारी घेणारे गोव्याचे महेश गवळी ही नावे एका फळ्यावर लिहिलेली पाहिली की मागे उभ्या राहणाऱ्या मुलाला आपल्या जागेचा अभिमान वाटू लागतो. आधी ज्या मुलांना ‘बॅक’ म्हणजे शिक्षा वाटत होती, तीच आता ती जागा मागून घेतात. हा बदल घडवणे सोपे नाही.

उणिवाही आहेत, आणि त्या लिहिल्या पाहिजेत. गोलावर फटका मारण्याचा सराव कमी पडतो. आघाडीला खेळण्याची उपजत ओढ असलेल्या मुलाला येथे बराच धीर धरावा लागेल, आणि काही पालकांनी याच कारणावरून मुले काढून घेतली. त्यांचे अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. गोलरक्षकांसाठी स्वतंत्र प्रशिक्षक नाही, सर आणि त्यांचा एक जुना विद्यार्थी मिळून काम भागवतात. मुलींसाठी कपडे बदलायला जागा नाही, आणि शाळेची स्वच्छतागृहे संध्याकाळी कुलूपबंद असतात. मुलींची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहण्यामागे हे एक ठळक कारण आहे, असे मला वाटते. याबाबत आम्ही काही पालकांनी शाळेकडे लेखी अर्ज दिला आहे. किल्ली शिपाईमामांकडे ठेवण्याचे तोंडी मान्य झाले आहे, पण अजून ती रोज मिळत नाही. पिण्याचे पाणी घरूनच न्यावे लागते.

शुल्क दरमहा ८०० रुपये आहे आणि ज्यांना ते परवडत नाही त्यांच्याकडून सर ते मागत नाहीत. सोमवार सोडून रोज संध्याकाळी साडेपाच ते सात अशी वेळ आहे, आणि ती पाळली जाते. साडेपाचनंतर आलेल्या मुलाला आधी मैदानाला दोन फेऱ्या मारून मगच आत घेतले जाते. आठ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. सुरुवातीला महागडे बूट घेण्याची घाई करू नये. टणक मैदानावर लांब खिळ्यांचे बूट टाचेला त्रास देतात. आखूड रबरी खिळ्यांचे साधे बूट आणि नडगीचे पॅड एवढ्यावर वर्षभर भागते. पॅडशिवाय मात्र सर कोणालाही पट्टीत उतरू देत नाहीत. प्रवेश दिवाळीनंतर आणि एप्रिलमध्ये असे दोनदा खुले होतात. शक्य असेल त्यांनी दिवाळीनंतर यावे, कारण तेव्हा मैदान सर्वांत चांगल्या स्थितीत असते आणि नवीन मुलांना सलग काही महिने खेळायला मिळतात.