अटलांटिक सिटी, कनेक्टिकट की पेनसिल्व्हेनिया? स्लॉट हेरून खेळणाऱ्यासाठी तुलना

न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया पट्ट्यात राहणाऱ्याला गाडीने जाऊन येता येतील असे कॅसिनो मोजले तर पंधराच्या वर सहज भरतात. त्यातला कुठला निवडायचा, हे बहुतेक जण पोस्टाने आलेल्या फ्री प्लेच्या (फुकट खेळायला दिलेल्या रकमेच्या) कूपनवरून ठरवतात. मीही दोन वर्षं तेच केलं. मग एकदा वहीत पेट्रोल आणि टोल धरून हिशोब मांडला, तेव्हा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला निघाला.

हा आढावा सगळ्यांसाठी नाही. नुसती करमणूक म्हणून स्लॉट खेळणाऱ्याने घराजवळचा कॅसिनो धरावा. मी लिहितोय ते मशीनची अवस्था पाहून, फायद्याची दिसली तरच बसणाऱ्यांसाठी. अमेरिकेत याला अॅडव्हांटेज प्ले म्हणतात. यात दोन वेगळे हिशोब असतात, मशीनचा आणि कार्डाचा. कार्ड म्हणजे कॅसिनोचं सभासद कार्ड : ते मशीनमध्ये टाकलं की खेळलेल्या रकमेची नोंद होते आणि त्यावर सवलती मिळतात. निवड चुकते ती हे दोन्ही एकत्र केल्यामुळे.

आधी मशीनचा हिशोब

हेरण्याजोगी मशीन मुख्यतः दोन जातींची. एक 'मस्ट हिट बाय' जॅकपॉटची : जॅकपॉटची वाढती रक्कम दाखवणाऱ्या मीटरवर लिहिलेलं असतं की ही रक्कम ५०० डॉलरच्या आत पडणारच. दुसरी, आधीच्या खेळाडूने अर्धवट सोडलेली अवस्था जपून ठेवणारी. आयजीटी कंपनीच्या 'स्कॅरब'मध्ये दहा फिरक्यांचं चक्र असतं. त्या दरम्यान चौकटी साठत जातात आणि दहाव्या फिरकीला त्या सगळ्या वाइल्ड, म्हणजे कुठल्याही चित्राच्या जागी चालणाऱ्या, होतात. त्याच कंपनीच्या 'ओशन मॅजिक'मध्ये बुडबुडे दर फिरकीला एकेक घर वर सरकतात. 'स्कॅरब'च्या सातव्या-आठव्या फिरकीला कुणी कंटाळून उठला की त्याने भरलेलं ताट तुमच्यापुढे येतं. ही अवस्था प्रत्येक बेटच्या पातळीला वेगळी जपली जाते, म्हणून बसण्याआधी सगळ्या पातळ्या दाबून बघायच्या. नवखा हीच पायरी चुकवतो.

फुगत जाणाऱ्या मडक्यांची किंवा गलेलठ्ठ होणाऱ्या डुकरांची मशीन मात्र फसवी. 'डान्सिंग ड्रम्स'सारख्या खेळात वरची चित्रं कितीही फुगली तरी पुढच्या फिरकीची शक्यता बदलत नाही. ती निव्वळ सजावट आहे.

'मस्ट हिट बाय'चं गणित एकदा हाताने करून बघा. धरून चला की मीटर खेळलेल्या रकमेच्या ०.४ टक्क्याने वाढतं आणि हा जॅकपॉट वगळता मशीन १२ टक्के कापतं, म्हणजे खेळलेल्या रकमेतलं सरासरी तेवढं स्वतःकडे ठेवतं. मीटर ४८० वर आहे. उरलेले २० डॉलर भरायला जास्तीत जास्त ५,००० डॉलरचा खेळ लागेल. जॅकपॉट मधल्या कुठल्याही आकड्यावर सारख्याच शक्यतेने पडत असेल तर सरासरी २,५०० लागेल. त्यावर तोटा ३०० डॉलर आणि मिळकत साधारण ४९०, म्हणजे खेळण्यासारखं आहे. याच हिशोबाने बरोबरीचा आकडा ४६८ च्या आसपास येतो. पण काही मशीनमध्ये जॅकपॉट वरच्या टोकाजवळच पडण्याकडे झुकलेला असतो. तो अगदी शेवटीच पडतो असं धरलं तर बरोबरीचा आकडा ४८३ च्या पुढे सरकतो. ४७० ला हुरळून बसणारा आणि ४८५ ची वाट पाहणारा यांच्यातला फरक वर्षाअखेरी दिसतो.

आता याच २,५०० डॉलरच्या खेळावर कार्ड काय देतं ते बघा. सीझर्स कंपनीच्या कार्डावर, सीझर्स रिवॉर्ड्समध्ये, स्लॉटवर ५ डॉलर खेळले की १ क्रेडिट, आणि १०० क्रेडिटचा १ डॉलर. म्हणजे ५०० क्रेडिट, ५ डॉलर. मशीनकडून अपेक्षित १९०, कार्डाकडून ५. निवड करताना मशीनला अग्रक्रम का, ते एवढ्यात यावं.

अटलांटिक सिटी : फेरी मारायला सर्वात उत्तम

१९७८ मध्ये 'रिसॉर्ट्स' उघडला तेव्हा नेवाडाबाहेरचा तो पहिला कायदेशीर कॅसिनो होता. न्यू जर्सी राज्यातल्या या शहरात आज नऊ आहेत. सहा बोर्डवॉकवर, म्हणजे समुद्रकाठच्या पायरस्त्यावर, आणि तीन (बोर्गाटा, हॅराज, गोल्डन नगेट) मरिनाच्या बाजूला. हेरून खेळणाऱ्याला याहून सोयीची रचना पूर्वेकडे नाही. फायद्याचं मशीन सापडणं हा संख्येचा खेळ आहे. मशीनच्या दहा रांगा पालथ्या घातल्या तर एखादं सापडतं, आणि इथे गाडी एकदा लावली की सहा कॅसिनो पायी होतात. रविवारी रात्री, वीकेंडची गर्दी पांगल्यावर, सोडलेल्या चक्रांची मशीन जास्त मिळतात असा माझा अनुभव आहे. हे इतरांनाही ठाऊक आहे, त्यामुळे तिथे तुम्ही एकटे नसता.

दुसरं कारण कायद्याचं आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. पत्ते मोजणारा प्रसिद्ध खेळाडू केन उस्टन याला रिसॉर्ट्सने ब्लॅकजॅकच्या टेबलावरून हाकललं, तेव्हा १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की केवळ कौशल्यामुळे कॅसिनो खेळाडूला बाहेर काढू शकत नाही. तो खटला पत्त्यांचा होता, स्लॉटचा नव्हे. तरीही इथलं एकूण वातावरण त्या निकालाने घडलेलं आहे. ऑफर मात्र ते कधीही बंद करू शकतात, त्याला कुठलं न्यायालय आड येत नाही.

कार्डाच्या बाजूने सीझर्स, हॅराज आणि ट्रॉपिकाना हे तिन्ही एका कार्डावर चालतात. बोर्गाटा एमजीएमच्या. इतरांची आपापली कार्डं. सिगारेटचा धूर ही इथली खरी शिक्षा. जुगाराच्या मजल्यावर काही भागांत ती अजून चालते आणि तीन तास फेऱ्या मारल्यावर घसा सांगतो.

कनेक्टिकट : दोनच, पण अवाढव्य

मोहेगन सन आणि फॉक्सवुड्स, दोन्ही आदिवासी जमातींचे, एकमेकांपासून वीस मिनिटांच्या आत. फॉक्सवुड्सचा कॅसिनो १९९२ चा, मोहेगन सन १९९६ चा. न्यूयॉर्कहून अंतर अटलांटिक सिटीइतकंच, सव्वाशे-एकशेतीस मैल, पण टोलचा भार कमी, कारण कनेक्टिकटच्या महामार्गांवर टोल नाही.

मजले एवढे मोठे की एका कॅसिनोतच दोन तासांची फेरी होते. दोन्हीकडे धूम्रपानबंदी आहे. अडचण अशी की मालक दोनच, म्हणजे नजरा दोनच. एकाने तुमची चाल ओळखली तर तुमचं निम्मं राज्य गेलं. ही जमातींची सार्वभौम जमीन, १९८८ च्या केंद्रीय कायद्याखाली चालणारी. उस्टनचा निकाल इथे लागू नाही. 'येऊ नका' म्हटलं की विषय संपला. मशीनभोवती घिरट्या घालणं, खेळणाऱ्याच्या पाठीशी उभं राहून तो कधी उठतो याची वाट बघणं, हे कुठेच करू नये. इथे तर मुळीच नको.

कार्डासाठी मात्र मला कनेक्टिकट आवडतं. मोहेगनच्या मोमेंटम कार्डावरचे डॉलर त्यांच्या दुकानांत, उपाहारगृहांत वापरता येतात आणि पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्या कॅसिनोतही तेच कार्ड चालतं. कुटुंबाला घेऊन एक रात्र राहायचं असेल, मैफल ऐकायची असेल, तर सुटीचा खर्च कार्डातून निघण्याची शक्यता इथे सर्वात जास्त. शिवाय राज्य सरकार स्लॉटचे आकडे महिन्याला जाहीर करतं. ते नेमकं तुमच्या मशीनचं सांगत नाहीत, पण एकूण मजला सरासरी किती कापतो याचा अंदाज येतो.

पेनसिल्व्हेनिया : जवळचा, पण हात आखडलेला

इथे स्लॉट आले ते २००६ पासून. परवाने राज्यभर विखुरलेले, म्हणून पार्क्स, रिव्हर्स, लाइव्ह, व्हॅली फोर्ज, चेस्टरचा हॅराज असे फिलाडेल्फियाच्या आसपासचे कॅसिनो करायचे तर प्रत्येक वेळी गाडी काढावी लागते. बेथलेहेमचा विंड क्रीक त्याहून लांब.

राज्य स्लॉटच्या उत्पन्नावर निम्म्याहून जास्त कर घेतं, तर न्यू जर्सीत मूळ कर आठ टक्के. कॅसिनोच्या हातात उरतंच कमी, म्हणून सढळपणाही बेताचाच. मशीनने किमान किती परत द्यावं, याची कायदेशीर मर्यादा पेनसिल्व्हेनियात ८५ टक्के आणि न्यू जर्सीत ८३. ऐकायला पेनसिल्व्हेनिया बरं वाटतं, पण प्रत्यक्षात दोन्हीकडचे सरासरी आकडे नव्वदच्या आसपास असतात. म्हणून यावरून निवड करू नका.

इथला खरा आकर्षणबिंदू आठवड्याचा फ्री प्ले. घराजवळ असेल तर कामावरून येताना उचलता येतो. १०० डॉलरचा फ्री प्ले एकदाच फिरवायचा असतो, त्याची किंमत साधारण ९० धरा. पण नुसता उचलायला गेलात तर गाडी फार चालत नाही. मी एका कॅसिनोत चार महिने तेच केलं : कार्ड टाकायचं, २० डॉलर फिरवायचे, घरी. पाचव्या महिन्यात कूपन ५ डॉलरवर आलं आणि सहाव्यात पाकीटच आलं नाही. चूक त्यांची म्हणवत नाही. आवळा देऊन कोहळा काढण्याचा त्यांचा धंदा, आणि मी नुसता आवळा घेऊन पळत होतो.

कार्ड कधी टाकायचं

पोस्टाच्या पाकिटातली ऑफर कार्डाच्या पायरीवरून (खेळेल तसा वाढत जाणाऱ्या दर्जावरून) ठरत नाही. ती मुख्यतः दिवसाच्या सरासरी थिओवरून ठरते. थिओ म्हणजे खेळलेली रक्कम गुणिले मशीनची कापणी. तुम्ही जिंकलात की हरलात याचा त्यात संबंध नाही, आणि मशीन फायद्याच्या अवस्थेत होतं हेही संगणकाला दिसत नाही. म्हणून ४९० वर बसून खेळलेले हजार-दोन हजार डॉलर त्यांच्या लेखी तोट्यातल्या गिऱ्हाइकाचे असतात. हा या सगळ्या प्रकारातला सर्वात गोड भाग.

कडू भाग सरासरीचा. एका दिवशी २,००० डॉलर खेळलात, कापणी १० टक्के, थिओ २००. दुसऱ्या दिवशी कार्ड टाकून १०० डॉलरचं एक चक्र पूर्ण केलंत, थिओ १०. सरासरी झाली १०५, आणि पुढची ऑफर त्या हिशोबाने निम्मी. हेरणाऱ्याचे बहुतेक दिवस दुसऱ्या प्रकारचे असतात. म्हणून माझा नियम असा : कार्डाचा कॅसिनो एकच ठेवायचा आणि तिथे दिवस मोठाच करायचा, नाहीतर कार्ड काढायचंच नाही. उरलेल्या ठिकाणी किरकोळ खेळ कार्डाशिवाय, पण नोंद वहीत. मोठा 'मस्ट हिट' सापडला तर कार्ड कुठेही टाकावं.

वरच्या पायऱ्यांचा मोह टाळा. सीझर्सची डायमंड पायरी १५,००० टियर क्रेडिटची (पायरी मोजणाऱ्या क्रेडिटची), म्हणजे स्लॉटवर ७५,००० डॉलरचा खेळ. १० टक्के कापणीने अपेक्षित तोटा ७,५०० डॉलर. बदल्यात रिसॉर्ट फी (हॉटेलच्या भाड्यावरचा जादा आकार) माफ, पार्किंग, छोटी रांग. वर्षात पंधरा रात्री हॉटेलात काढल्या तरी हे भरून निघत नाही. फायद्याच्या खेळातून ती पायरी आपोआप आली तर घ्यावी. डिसेंबरात चारशे क्रेडिट कमी पडताहेत म्हणून कुठल्याही मशीनवर बसणारे मी पाहिलेत, आणि एकदा तो मीच होतो.

कराने पारडं फिरवलंय

स्लॉटच्या जॅकपॉटवर डब्ल्यू-२जी (करखात्याला जिंकलेली रक्कम कळवणारा) फॉर्म भरण्याची मर्यादा अनेक दशकं १,२०० डॉलर होती. २०२६ पासून ती २,००० झाली. ५०० चे जॅकपॉट हेरणाऱ्याला यात फरक नाही, ५,००० च्या मागे लागणाऱ्याला फॉर्म येणारच.

जास्त चावणारा बदल दुसरा. २०२६ पासून जुगारातल्या तोट्याचा ९० टक्केच भाग वजा करता येतो. वर्षभरात जिंकलेली सत्रं ५०,००० ची आणि हरलेली ४८,००० ची असतील तर खरी कमाई २,००० डॉलर. पण वजावट ४३,२०० चीच मिळते, म्हणून कर ६,८०० वर. पातळ नफ्यावर जगणाऱ्याला हे सरळ तोट्यात ढकलू शकतं. त्यातही ही वजावट तपशीलवार वजावटी घेणाऱ्यालाच मिळते. कनेक्टिकटमध्ये राहणाऱ्याला राज्याच्या करात तोटा वजा करता येत नाही, पेनसिल्व्हेनियात बाजी लावलेली रक्कम जिंकलेल्यातून वळती करता येते. तुम्ही कुठे खेळता याइतकंच कुठे राहता हेही इथे मोजावं लागतं.

मी स्वतः आता महिन्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी अटलांटिक सिटीला जातो, बोर्डवॉकच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. कार्ड तीन हॉटेलांच्या साखळीचं तेवढं खिशात, मोमेंटमचं घरच्यांच्या नावे वर्षातल्या एका सुटीसाठी. पेनसिल्व्हेनियाचं कूपन आलं आणि त्याच वाटेने जायचं असलं तर थांबतो. फिलाडेल्फियात राहणाऱ्याने हा क्रम उलटा करावा. पाच कॅसिनो दारात असताना साठ मैल जाण्यासाठी तुमच्या वहीतल्या चार फेऱ्या तरी कोऱ्या गेलेल्या हव्यात.