खडेमिठाचे 19,600 रुपये

घरात कोरलची, म्हणजे प्रवाळांची, खाऱ्या पाण्याची टाकी, म्हणजे हौशी मंडळी जिला रीफ टँक म्हणतात ती, उभारून देण्याच्या निमित्ताने ठाण्यातील एका विक्रेत्याने माझ्याकडून एकूण 2,90,300 रुपये घेतले. हा आकडा मी मुद्दाम पूर्ण लिहीत आहे, कारण आपल्या छंदातले लोक लाजेपोटी नुकसान निम्मे करून सांगतात आणि त्यामुळेच पुढचे गिऱ्हाईक अलगद गळाला लागते. यातले 1,68,500 रुपये तीन फुटी टाकी, सम्प (टाकीखालचे गाळणीचे पात्र), प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र), पंप, दिवे आणि पाणी थंड ठेवणारा चिलर यांचे होते. 46,300 कोरलच्या फ्रॅगचे, म्हणजे वाढवण्यासाठी छाटलेल्या तुकड्यांचे, 19,600 मिठाच्या दोन बादल्यांचे, 27,500 नंतर गळ्यात मारलेल्या दुसऱ्या दिव्याचे, 6,400 द्रावणांच्या बाटल्यांचे आणि 22,000 रुपये कधीच न आलेल्या मालाच्या आगाऊ रकमेचे.

यंत्रसामग्री खरी होती, हे आधी सांगितले पाहिजे. चिलर चालत होता, पाणी 25 अंशांवर राहत होते, स्किमरमध्ये फेस जमत होता. सुरुवातीचे सुमारे 190 लिटर पाणी त्याने कॅनमधून तयार करून आणले आणि तेही उत्तम असावे, कारण पहिले काही आठवडे हॅमर कोरल पूर्ण फुलत होते आणि ॲक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलच्या टोकांवर वाढीची पांढरी कडा दिसत होती. निळ्या दिव्याखाली काढलेले भडक फोटो दाखवून तपकिरी फ्रॅग विकणारे लोक सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यांच्यापासून मी सावध होतो. हा मात्र आधी चांगले देऊन विश्वास कमावणारा होता, आणि अशा माणसापुढे नेहमीची सावधगिरी काहीही कामाची नसते.

फसवणूक मिठात होती. दर आठवड्याला पंधरा टक्के पाणी बदलायचे आणि त्यासाठी आरओ-डीआयच्या, म्हणजे गाळून सर्व क्षार काढलेल्या, पाण्यात कृत्रिम सागरी मीठ मिसळायचे, हा रीफ टँकचा नित्यक्रम आहे. त्याने 9,800 रुपयांना एक याप्रमाणे वीस किलोच्या दोन बादल्या आणून दिल्या. बादली नामांकित परदेशी कंपनीची होती, परंतु झाकणाच्या कडेची फाडून काढायची पट्टी त्यावर नव्हती. विचारल्यावर, आयातीच्या वेळी तपासणीसाठी बादल्या उघडतात, असे त्याने तत्काळ सांगितले. पट्टी नसलेली बादली दारातून आत घेऊ नका. कारण कोणतेही सांगितले तरी घेऊ नका.

आता जो प्रसंग आठवला की अजूनही झोप उडते, तो. माझ्या आईचे बालपण उरणला मिठागरांच्या शेजारी गेले आहे. पहिली बादली उघडली तेव्हा ती तिथेच उभी होती. तिने चिमूटभर मीठ तळहातावर चोळले, जिभेला लावले आणि म्हणाली, "अरे, हे आपलं आगरातलं खडेमीठ आहे. याला तू दहा हजार दिलेस?" त्यावर तो हसत म्हणाला, "काकू, समुद्राचं मीठ समुद्राच्या मिठासारखंच दिसणार ना!" मीही हसलो, आणि तुला यातले कळत नाही, असे आईला त्याच्यादेखत म्हणालो. सागरी मिश्रण बारीक, एकसारखे आणि पांढरेशुभ्र असते. माझ्यासमोर लहानमोठे, किंचित करडे, काचेसारखे खडे होते. ते मी पाहिले होते. पण माझ्या जागी कोणीही असता तरी त्याने काय केले असते? सागरी मिश्रणातही मुख्य घटक सोडियम क्लोराइडच असतो. विक्रेत्याने खारटपणा मोजायचे रिफ्रॅक्टोमीटर काढून 1.025, म्हणजे समुद्राच्या पाण्याइतके, विशिष्ट गुरुत्व दाखवले, आणि मी ते स्वतः भिंगातून वाचले. आकडा डोळ्यांसमोर असताना आईच्या जिभेवर विश्वास ठेवणारा अभियंता मला दाखवा.

रिफ्रॅक्टोमीटर खारटपणा मोजतो, खारटपणा कशाचा आहे ते सांगत नाही. कोरलचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्यासाठी पाण्यात कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम (दशलक्षात भाग), मॅग्नेशियम सुमारे 1,300 पीपीएम आणि क्षारता साधारण आठ-नऊ डीकेएच (क्षारतेचे एकक) लागते. साध्या मिठातून यातले जवळजवळ काहीच मिळत नाही. प्रत्येक वॉटर चेंजबरोबर मी माझ्याच हाताने चांगले पाणी काढून मिठाचे पाणी भरत होतो, आणि खारटपणा कायम ठेवून कॅल्शियम हळूहळू संपवत होतो. प्रथम गोगलगायी गेल्या. मग हॅमर मिटले ते उघडलेच नाहीत आणि ॲक्रोपोराचे मांस बुडापासून सुटू लागले.

हळूहळू मरणे हाच या धंद्याचा आधार आहे. झटक्यात सर्व मेले असते तर मीठ तपासले गेले असते. सावकाश मेले की दोष नवशिक्याचाच ठरतो, कारण नवशिक्याच्या टाकीत कोरल मरणारच असे आपण सगळेच मानतो. त्याने आधी दिवा कमी पडतो असे निदान करून 27,500 रुपये काढले, मग कॅल्शियम आणि क्षारता वाढवणाऱ्या म्हणून बाटल्यांची जोडी दिली. टेस्ट किटचा नाद लागला की माणूस वेडा होतो, तुम्ही फक्त कोरलकडे पाहा, असे तो वारंवार सांगत असे. विक्रेता चाचणी करू नका म्हणाला की त्याच दिवशी किट विकत घ्या, आणि त्याच्याकडून घेऊ नका.

शेवटी मुलुंडच्या एका ओळखीच्या हौशी गृहस्थांनी आपले किट आणले. टाकीत कॅल्शियम 140 निघाले. बादलीतले मीठ आरओच्या पाण्यात विरघळवून तपासले, तेव्हा गुलाबी नमुना पहिल्या काही थेंबांतच निळा झाला, म्हणजे कॅल्शियम नावालाच. त्यांनी बाटल्यांमधले दोन्ही द्रव एका पेल्यात ओतले. खऱ्या द्रावणांचा तिथल्या तिथे पांढरा साका बनतो. आमचे पाणी स्वच्छ राहिले. ही चाचणी फुकट आहे, प्रत्येकाने करावी.

पैसे परत मागितल्यावर तो शांतपणे म्हणाला, "सर, तक्रार जरूर करा, पण टाकीत ॲक्रोपोरा ठेवलाय हे वनखात्याला आधी सांगा." वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये 2001 साली सर्व पाषाणप्रवाळांचा, म्हणजे ॲक्रोपोरासारख्या टणक सांगाड्याच्या कोरलचा, समावेश झाला, आणि त्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. मालवणच्या समुद्रातले प्रवाळ टिकावेत म्हणून असलेला हा कायदा योग्यच आहे, पण त्याच्या आडोशाला बसून हा माणूस धंदा करतो. खरेदीपूर्वी मी कागदपत्रे मागितली होती आणि शेतीत वाढवलेल्या आयात कोरलला परवानगी असते असे सांगून त्याने शिक्के असलेली छायाप्रतही दिली होती. नंतर नीट वाचली तेव्हा मालाच्या रकान्यात शोभेचे मासे एवढेच लिहिलेले होते. कोरलसाठी माशांचा कागद चालत नाही, हे लक्षात ठेवा.

तरीही मी तक्रार केली. पोलीस ठाण्यात सर्व ऐकून घेतल्यावर अधिकाऱ्यांनी विचारले, "खाऱ्या पाण्याच्या टाकीत मीठच टाकलं ना? मग फसवणूक कसली?" मी कॅल्शियम समजावू लागलो तेव्हा मागच्या बाकावरचे दोघे हसले. हा दिवाणी वाद आहे, असे सांगून मला परत पाठवण्यात आले. 1930 या सायबर मदत क्रमांकावर नोंदवलेली तक्रार फिरून त्याच पोलीस ठाण्यात आली, आणि तिथे ती आधीच निकाली काढलेली असल्याचे कळले. वैधमापन, म्हणजे वजनमापे तपासणाऱ्या खात्याने, वीस किलोचे वजन बरोबर आहे का विचारले. बरोबर होते, मग त्यांचा विषय संपला. वनखात्याच्या कार्यालयात विक्रेत्याचे नाव लिहून घेण्याआधी माझे नाव, पत्ता आणि टाकीचे माप लिहून घेतले गेले, आणि उरलेले सांगाडे जप्तीच्या पावतीवर गेले. विक्रेत्याकडे कोणी गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ज्याने विकले तो मोकळा आणि ज्याने येऊन सांगितले त्याची चौकशी, असा कारभार असेल तर तक्रार करणार कोण? मग हीच खाती लोक पुढे येत नाहीत म्हणून भाषणे करतात.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, म्हणून तिथे अर्ज केला आहे. विक्रेत्याला पाठवलेली नोटीस "या पत्त्यावर आढळले नाही" अशा शेऱ्यासह परत आली. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकला की नोंदणीचे नाव आणि पत्ता दिसतो. पैसे देण्यापूर्वी दोन मिनिटे काढून तो टाकत जा. माझ्या बिलावरचा क्रमांक एका फरशीच्या दुकानाचा निघाला. त्याचा खरा पत्ता शोधून देणे ही तक्रारदाराची जबाबदारी आहे, असे मला आयोगात सांगण्यात आले आहे. ज्यांनी अलीकडे ठाणे किंवा मुलुंड परिसरात पट्टी नसलेल्या बादलीतून सागरी मीठ घेतले असेल आणि ज्यांना त्याच्या सध्याच्या गाळ्याची जागा ठाऊक असेल, त्यांनी ती पुढील तारखेपूर्वी मला कळवावी. तुमच्या टाकीत काय आहे हे मला सांगू नका. पत्ता पुरेसा आहे.