कोकणातल्या रहस्यकथेचं बीज कुठून घ्यावं: बातमी, दंतकथा, माणूस की जाणकारी?

कोकणावर रहस्यकथा लिहिणाऱ्याला वातावरणाची ददात नसते. बंद पडलेलं चौसोपी घर, आषाढातली संध्याकाळ, खाडीपलीकडचा एकच दिवा, एवढ्यावर दोन पानं सहज भरतात. घोडं अडतं ते उलगड्यापाशी. बीज निवडताना वाचक किती घाबरेल एवढंच पाहिलेलं असतं आणि गाठ कशाने सुटणार याचा विचार राहून गेलेला असतो, म्हणून कथा शेवटच्या पानावर ढासळते.

त्यामुळे एक गोष्ट आधी ठरवावी लागते. गूढकथा लिहायची की रहस्यकथा? रत्नाकर मतकरींच्या वळणाच्या गूढकथेत शेवटी सगळं उलगडलंच पाहिजे असं नाही. मनात उरलेली शंका हाच तिचा शेवट. नारायण धारपांनी परदेशी भयकथांची बीजं मराठी वाड्यांत रुजवली आणि त्यांच्याकडच्या अमानवी शक्तींनाही स्वतःचे नियम असतात. रहस्यकथेचा करार वेगळा आहे. उत्तर माणसाच्या हातचं हवं आणि ते कळायला लागणारा प्रत्येक धागा वाचकाला आधी दिसलेला हवा. पुढची तुलना रहस्यकथेसाठी आहे आणि दिवाळी अंकाला साजेशी तीनेक हजार शब्दांची कथा डोळ्यांपुढे ठेवून केली आहे.

बातमी

हे बीज सगळ्यात लवकर हाती लागतं आणि सगळ्यात जास्त अडचणी आणतं. एडगर ॲलन पोचंच पाहा. जुलै 1841 मध्ये न्यूयॉर्कच्या सिगारच्या दुकानात काम केलेल्या मेरी रॉजर्स या तरुणीचा मृतदेह हडसन नदीत सापडला. पोने ही घटना पॅरिसला नेली, हडसनची सीन केली, मुलीला फ्रेंच नाव दिलं आणि 1842-43 मध्ये तीन हप्त्यांत कथा छापली. हप्ते चालू असतानाच नवी माहिती बाहेर आली: मृत्यू गर्भपाताच्या प्रयत्नात झाला असावा. पोचा गुप्तहेर तर्काने भलतीकडे चालला होता. पुढे 1845 च्या पुस्तकात पोला मजकुरात दुरुस्त्या कराव्या लागल्या. बातमीवर बेतलेल्या कथेचं हे कायमचं दुखणं आहे. घटना लेखकाच्या हातात नसते, ती कथा छापून झाल्यावरही पुढे सरकत राहते.

कोकणात आणखी एक पेच येतो. इथलं गाव लहान असतं. वाडीचं नाव बदललं, तरी 'नवरा मुंबईत, बायको सासूजवळ, घर पारापाशी' एवढ्या वर्णनावरून चार गावांना माणूस कळतो. म्हणून बातमी घ्यायचीच असेल तर नावाला हात लावून भागत नाही. तालुका, व्यवसाय, नातं आणि साल या चारपैकी निदान तीन गोष्टी बदला. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे, तिथे तर शंकेलाही जागा ठेवू नये.

जुनी दुर्घटना त्यामानाने बरी. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून जास्त माणसं गेली. 'त्या बोटीत तो चढलाच नव्हता' हे बीज ताकदीचं आहे. पण तो अपघात आजही घराघरांत आठवला जातो. कारस्थान रचायचं तर ते आपल्या पात्रांपुरतं ठेवावं, बोट बुडण्याचं खापर काल्पनिक खलनायकावर फोडू नये.

दंतकथा आणि गावऱ्हाटी (गावाच्या देवाधर्माच्या रीती)

देवचार, राखणदार, गिऱ्हा, चकवा, मुंजा अशी भुतंखेतं: इथे माल भरपूर आहे. रहस्यकथेत मात्र दंतकथेचं काम एकच, गुन्हेगाराला आडोसा देणं. रात्री अमुक पाणंदीतून कोणी जात नाही, हे ज्याला माहीत आहे त्यालाच ती पाणंद मोकळी मिळते. कॉनन डॉयलने डार्टमूरच्या भुतकुत्र्याची दंतकथा अशीच वापरली. लोक भुताला भीत होते, म्हणून माणसाकडे कोणी पाहिलं नाही.

सगळ्यात मोठा मोह पडतो तो गावपळणीचा. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराच्या कौलाने, म्हणजे देवाला विचारून मिळालेल्या होकाराने, अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री बाहेर राहतो. रिकामं गाव रहस्यकथेला आयतंच मिळतं. चूक होते ती अशी: खुनी वर्षभर आधीपासून नेमक्या त्या तीन रात्रींचा बेत करून बसलेला दाखवतात. तारीख कौलावर ठरते, तेव्हा इतका जुना बेत टिकत नाही. बेत कौल झाल्यावरच्या मोजक्या दिवसांत शिजला असं दाखवा. कथा आपोआप आवळते आणि संशयितही कमी होतात, कारण मधल्या दिवसांत कोण कुठे होतं हे गावाला ठाऊक असतं. गाव काल्पनिक घ्या. परत फिरण्यासाठी पुन्हा कौल लागतो हे विसरू नका आणि रीत सांगताना हेटाळणीचा सूर लावू नका. तो लोकांच्या श्रद्धेचा भाग आहे.

कथेत भगत किंवा मांत्रिक असेल आणि काळ 2013 नंतरचा असेल, तर जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. भगताने सर्वांसमक्ष उपचाराच्या नावाखाली मारहाण केली आणि पोलीस पाटलांनी डोळेझाक केली, असं लिहायचं असेल तर त्यांनी ती का केली याचं कारण कथेत यायला हवं.

दंतकथेचा तोटा असा की ती आडोसा देते, उलगडा देत नाही. तो दुसरीकडून आणावा लागतो.

माणूस

एडिंबराच्या डॉ. जोसेफ बेल यांच्या हाताखाली डॉयल विद्यार्थी होता. रोगी तोंड उघडण्याआधीच हे डॉक्टर त्याचा धंदा आणि राहणी ओळखत. त्या सवयीतून शेरलॉक होम्स आला. चेस्टरटनच्या फादर ब्राउन या गुन्हे उकलणाऱ्या पात्रामागे फादर ओ'कॉनर नावाचे खरे धर्मगुरू होते. मिस मार्पल 1927 मध्ये एका लघुकथेतूनच वाचकांसमोर आल्या आणि त्यांचा साचा लेखिका ॲगाथा ख्रिस्ती यांच्या आजीच्या मैत्रिणींकडून घेतलेला होता.

माणसापासून सुरुवात केली की मालिका होऊ शकते, हा मोठा फायदा. पण शोध घेणारा मिळाला म्हणजे गोष्ट मिळाली असं नाही, गुन्हा वेगळा शोधावाच लागतो. कोकणात पोलीस अधिकाऱ्यापेक्षा दारोदार फिरणारा माणूस उपयोगी पडतो: टपाल वाटणारा, आशाताई, पाटी घेऊन येणारी मासेवाली. दोन माणसांच्या घरात चार माणसांना पुरतील एवढे बांगडे गेले, किंवा श्रावणी सोमवार पाळणाऱ्या घरी सोमवारी मासळी घेतली गेली, हे फक्त तिलाच कळतं. असा धागा पहिल्या दोन पानांत गप्पांच्या ओघात पेरला, तर वाचक तो पाहूनही पुढे जातो.

जाणकारी

पहिल्या कथेसाठी आमचा कौल इथेच आहे. ॲगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या इस्पितळातल्या औषधालयात काम करत होत्या. 1920 साली छापलेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीतलं स्ट्रिक्निन हे विष नेहमीच्या टॉनिकच्या बाटलीतच असतं. दुसऱ्या औषधाची पूड मिसळल्यावर ते तळाशी बसतं आणि शेवटच्या डोसात एकदम पोटात जातं. औषधनिर्मात्यांच्या व्यावसायिक नियतकालिकाने त्या कादंबरीची वाखाणणी केली होती. धंद्यातलं ज्ञान होतं म्हणून उलगडा आपसूक हाती आला.

याच्या उलट उदाहरण डॉयलचं. 1892 च्या त्याच्या एका गाजलेल्या कथेतला साप दूध पितो, दोरावरून उतरतो आणि शिट्टी ऐकून माघारी येतो. लंडनच्या वाचकाने ते चालवून घेतलं, देवगडचा वाचक घेणार नाही. सापाला बाहेरचा कान नसतो आणि दूध हा त्याचा आहार नाही. इथलं नेहमीचं फुरसं घेतलं, तर 'चावलं आणि पाच मिनिटांत गेला' हे चालत नाही. त्याचं विष रक्त गोठू देत नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातं आणि माणूस दगावलाच तर बहुधा काही तासांनी किंवा दिवसांनी. प्राथमिक आरोग्य केंद्रात कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करून गोठलं का पाहतात. कथेसाठी ही 20 मिनिटं फार मोलाची आहेत, पेशंटला बोलायला वेळ मिळतो. रात्री झोपेत, नकळत झालेला दंश हवा असेल तर मण्यार घ्या. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, आणि विष मज्जासंस्थेवर जातं: पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडतो.

स्ट्रिक्निन ज्यात असतं ते काजऱ्याचं झाड सिंधुदुर्गात रानोमाळ दिसतं. म्हणून ते चहातून दिल्याच्या कथा पुन्हा पुन्हा येतात. काजरा अतिशय कडू असतो, साध्या चहात पहिल्या घोटालाच कळेल. कडू काढा रोज घेणारं पात्र आधी उभं करा, मगच काजऱ्याकडे वळा.

समुद्राची जाणकारी याहून सोपी आणि शंभर टक्के इथली. किनाऱ्यावरचा ठोकताळा असा: तिथीला तीनने गुणून चारने भागलं की पूर्ण भरतीची वेळ येते. षष्ठीला 6 × 3 ÷ 4 म्हणजे साडेचार, तर अष्टमीला 6. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान.

आता यातून गाठ कशी बसते ते पाहा. किल्ला भरतीत पाण्याने वेढला जाणारा आहे. संशयित सांगतो, 'अष्टमीच्या रात्री बाराला किल्ल्यावरून चालत परत आलो.' चाणाक्ष वाचक हिशेब मांडतो: सहाची भरती, बाराच्या सुमारास सुकती, म्हणजे वाट उघडी. साक्ष खरी वाटते. पण तेव्हा भांग असतो, पाणी उधाणाइतकं मागे हटत नाही. जी वाट अमावास्येला कोरडी पडते ती अष्टमीला कमरेएवढ्या पाण्यात राहू शकते. वेळ बरोबर आणि साक्ष खोटी! तिथी पहिल्या पानावर द्या. भांग हा शब्द मध्यावर तांडेलाच्या (बोटीच्या प्रमुखाच्या) तोंडी दुसऱ्याच संदर्भात येऊ द्या, जाळी आणि मासळी यांच्या बोलण्यात. शेवटी पंचांग उघडलं की झालं.

इथे हमखास चुका तीन होतात. खाडीच्या आतल्या बंदरात भरती मुखापेक्षा उशिरा पोचते, लेखक दोन्हीकडे एकच वेळ धरतो. मुंबईकडून मालवण-वेंगुर्ल्याकडे जावं तसा भरती-सुकतीतला फरक कमी होत जातो, त्यामुळे अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचं पाणी मालवणात आणून चालत नाही. तिसरी चूक म्हणजे जुलैत ट्रॉलरच्या जाळ्यात प्रेत सापडणं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. ट्रॉलर बाहेर असेल तर तीच मोठी बातमी आहे, तिची दखल कथेत हवी. ठोकताळ्यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक राहते. म्हणून गाठ मिनिटांवर बांधू नका आणि कथेतल्या वर्षाचा छापील भरतीतक्ता एकदा पडताळून घ्या.

समुद्र नको असेल तर सातबारा घ्या. कोकणात भांडणाचं मूळ बहुधा तिथेच असतं. सामाईक हिस्से, मुंबईतले चाकरमानी, कलमांच्या बागेवर डोळा ठेवून आलेला गिऱ्हाईक. एक पक्कं बीज: मुंबईच्या काकांनी पुतण्याला मुखत्यारपत्र दिलं आहे. काका वारले की सर्वसाधारणपणे ते मुखत्यारपत्र संपतं. खरेदीखताची नोंदणी मंगळवारी, काका गेले सोमवारी. पुतण्याला खून करायचाच नाही, त्याला फक्त एक दिवस मृत्यू लपवायचा आहे. गुन्हा लहान दिसतो, पण तो झाकायला डॉक्टर, शेजारी, बर्फवाला अशी माणसं गुंतत जातात. वकील वाचकासाठी एक खबरदारी: मुखत्याराचं स्वतःचं हित त्या मालमत्तेत गुंतलेलं असेल तर अपवाद लागू होऊ शकतो, म्हणून पुतण्याने काकांना आगाऊ पैसे दिल्याचा उल्लेख टाळा. फेरफाराची नोटीस लागल्यावर हरकतीला 15 दिवस मिळतात, तेवढा काळ शोध घेणाऱ्याला पुरतो. समुद्रात बेपत्ता झालेला भाऊ हवा असेल तर 7 वर्षांचा आकडा लक्षात ठेवा. तितकी वर्षं ज्याची खबर त्याच्या माणसांना नाही तो मेला असं कायदा धरून चालतो. सातव्या वर्षी अचानक आलेलं पत्र कोणाला नको असेल, हे सातबाऱ्यावरची नावं सांगतात.

जाणकारीचा धोका एकच, माहिती कथेवर बसते. भांगाचा हिशेब तीन वाक्यांच्या वर गेला की वाचक पान उलटतो.

तेव्हा हाताशी महिनाभर वेळ असेल आणि कथा पहिलीच असेल, तर भरतीतक्ता किंवा सातबारा घ्या आणि दंतकथा आडोशापुरती वापरा. मालिका करायची असेल तर मासेवालीपासून सुरू करा, पण तिच्या पहिल्या तीन कथांचे गुन्हे आधी कागदावर मांडा. बातमीच छळत असेल तर ती निकाल लागेपर्यंत वहीत राहू द्या. कोणतंही बीज घेतलं तरी लिहायला शेवटून सुरुवात करा: उलगड्याचा परिच्छेद आधी, मग त्याला लागणारे तीन धागे, मग प्रत्येक धागा कोणाच्या तोंडी आणि कोणत्या पानावर येणार ते. तिसरा धागा सापडत नसेल तर कथा अजून तयार नाही. अशा वेळी बंदरावर जाऊन एखाद्या तांडेलाला पुढच्या अष्टमीला पाणी कुठवर येईल ते विचारावं.