सलीम अली सरोवर की नाथसागर?

थंडी पडली की छत्रपती संभाजीनगरात ओळखीची मंडळी हमखास विचारतात: रविवारची एक सकाळ हाताशी आहे, पक्षी बघायला शहरातल्या सरोवरावर जावं की गाडी काढून सरळ पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, गाठावा? माझं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. तुम्ही आधी किती पक्षी पाहिलेत, आणि धरणात पाणी किती आहे.

पहिलीच वेळ असेल, सोबत मुलं असतील, तर दिल्ली गेटजवळचं सलीम अली सरोवर. पाणी आटोपशीर, त्यामुळे पक्षी जवळ. जलपर्णीत जांभळी पाणकोंबडी शोधा. ती देठ उपटते, पायाच्या लांब बोटांत धरते आणि चोचीनं सोलून आतला गर खाते. साध्या दुर्बिणीतूनही हे सगळं स्पष्ट दिसतं. वंचक आणि बगळा यांतला फरक, पाणकावळ्याची पंख पसरून वाळवायची सवय, हे शिकायला याहून सोयीची जागा नाही. उणीव एवढीच की हिवाळी पाहुणे थोडे. जलपर्णी पसरली की बदकांना उतरायला मोकळं पाणी उरत नाही, आणि हे बघून जीव तुटतो. आत सोडायच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या.

नाथसागराचं गणितच निराळं. शहरापासून साधारण ५० किलोमीटर, १९८६ पासून पक्षी अभयारण्य. जलाशय अफाट, पण उथळ. पक्ष्यांना तो मानवतो तो याच उथळपणामुळे. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक ही बदकं इथली हिवाळी पाहुणी. पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतात. डोक्याच्या मागच्या बाजूचे दोन काळे पट्टे दिसले की ओळख पटली. चरायला ते काठच्या हरभऱ्यात, गव्हात उतरतात, म्हणून नजर नुसती पाण्यावर ठेवू नका.

पण कधी जाता याला फार महत्त्व आहे. ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे पक्षीअभ्यासक मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांमधला आठवडा, राज्यात पक्षी सप्ताह असतो आणि उत्साहानं सगळे तेव्हाच पैठणला निघतात. चांगल्या पावसाच्या वर्षी तेव्हा धरण काठोकाठ भरलेलं असतं, थवे दूरवर पांगलेले असतात आणि दुर्बिणीत नुसते ठिपके दिसतात. पुढे कालव्यांना आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी पाण्याच्या पाळ्या, सुटतात, पाणी मागे सरकतं, चिखल उघडा पडतो. त्याच चिखलावर तुतवार, शेकाटे, चमचे हे पाणपक्षी चरायला येतात. रोहितही (फ्लेमिंगो) अशाच उथळ पाण्यात उतरतो, मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळत. म्हणून नाथसागर संक्रांतीनंतरच, फेब्रुवारीत तर नक्कीच. पाणी लवकर उतरलेल्या वर्षी आधी गेलात तरी चालेल.

पैठणच्या बाजूनं बघणार असाल तर सकाळीच पोहोचा. जलाशय पश्चिमेला पसरलाय, त्यामुळे ऊन पाठीशी राहतं आणि रंग खुलतात. संध्याकाळी तेच ऊन डोळ्यांवर येतं. ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण हवीच, कुणाकडे स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण, असेल तर त्याला आग्रहानं सोबत न्या. होडीनं थव्यावर जाऊन उडवलेल्या पक्ष्यांचे फोटो मात्र काढू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला तेवढी तरी उसंत मिळायला हवी.

पाण्याचा कंटाळा असेल तर तिसरा पर्याय ज्वारीच्या शिवाराचा. हुरड्याच्या दिवसांत भोरड्या या पक्ष्यांचे थवे कणसांवर तुटून पडतात, माळावर भोवत्या हा शिकारी पक्षी जमिनीलगत तरंगत फिरतो. यासाठी वेगळी सहल लागत नाही, गावी गेलात की बांधावर उभे राहा.

माझा कौल: नवख्यांनी नोव्हेंबर-डिसेंबरात सरोवरावर डोळा तयार करावा, मग फेब्रुवारीत नाथसागर. आणि तिथे पोहोचल्यावर आधी मासेमारी करणाऱ्यांना विचारा, यंदा गाळ कुठल्या काठाला उघडा पडलाय. गाडी त्याच बाजूला वळवा.