सुपरप्लास्टिक पत्रा निवडताना: टायटॅनियम, ॲल्युमिनियम की जस्त?

मऊ पोलादी पत्रा थंड असताना साधारण 40 टक्के ताणला की फाटतो. सुपरप्लास्टिक मिश्रधातूचा पत्रा मात्र ठरावीक तापमानाला, सावकाश ताणला तर कित्येकशे टक्के लांबतो. 1934 मध्ये पिअर्सन या संशोधकांनी बिस्मथ-कथिलाचा नमुना 1950 टक्के ताणला होता, म्हणजे मूळ लांबीच्या वीसपटीहून जास्त!

पण या आकड्यांवर भाळून धातू ठरवू नका. पत्रा लांबतो तेवढा पातळही होतो. 2 मिमी पत्र्याचं क्षेत्रफळ तिप्पट झालं, की सरासरी जाडी 0.67 मिमी उरते, आणि साच्याच्या कोपऱ्यांत त्याहून कमी. त्यामुळे बहुतेक भागांना 200-300 टक्क्यांपुढचा ताण परवडतच नाही, आणि तेवढा ताण तिन्ही धातू देतात. खरा फरक आहे तो भट्टीचा, आणि तयार भाग पुढे कुठे वापरला जाणार याचा.

पद्धत तिघांची एकच. पत्रा तापवायचा, कडा घट्ट दाबायच्या आणि वायूच्या दाबाने तो फुग्यासारखा साच्यात फुगवायचा. साचा एकाच बाजूचा लागतो, ही मोठी बचत. धातूचे 10 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण एकमेकांवरून सरकतात म्हणून हे जमतं. घाई केली की पत्रा फाटतो. एका भागाला कित्येक मिनिटं जातात, म्हणून वर्षाला लाखभर नग हवे असतील तर साधी प्रेसच बरी.

टायटॅनियम (6 टक्के ॲल्युमिनियम, 4 टक्के व्हॅनेडियमचं) माझ्या मते सगळ्यांत गुणी. बाजारातल्या नेहमीच्या पत्र्याचेच कण पुरेसे बारीक असतात. त्याच तापमानाला दोन पत्रे दाबून वितळवल्याशिवाय एकजीवही करता येतात, आणि विमानाच्या इंजिनातली पोकळ पंख्याची पाती अशीच बनतात. पण भट्टी हवी 900 अंश सेल्सिअसची, साचा उष्णतेला टिकणारा. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागात शिरून ठिसूळ थर बनवतो, म्हणून आर्गॉन (धातूशी संयोग न होणारा वायू) लागतोच, आणि तरीही थर आलाच तर तो रसायनाने काढावा लागतो. विमान किंवा वैद्यकीय कामाची ऑर्डर हातात नसेल तर हा खर्च अंगावर घेऊ नये.

ॲल्युमिनियम 5083 ला (मॅग्नेशियम मिसळलेल्या एका मिश्रधातूचा हा क्रमांक) 450 ते 520 अंश पुरतात, आणि समुद्राच्या पाण्यातही ते टिकतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हेच सुचवीन. मात्र नेहमीचा 5083 आणून चालत नाही, खास बारीक कणांचा पत्रा मागवावा लागतो. ताणताना कणांच्या सीमांवर सूक्ष्म पोकळ्या पडतात आणि भाग कमजोर होतो. पत्र्याच्या दुसऱ्या बाजूनेही वायूचा दाब ठेवला तर त्या बऱ्याच आटोक्यात राहतात. त्यामुळे भागावर भार येणार असेल, तर दोन्हीकडून दाब देणारं यंत्रच घ्या.

जस्त (22 टक्के ॲल्युमिनियमचं) 250 अंशांच्या आसपासच वळतं. शिकायला, नमुने करायला, झाकणं-आवरणं बनवायला उत्तम. पण ॲल्युमिनियमच्या जवळपास दुप्पट जड, आणि सततच्या भाराखाली खोलीच्या तापमानालाही हळूहळू वाकतं. भार पेलणारा ब्रॅकेट याचा करू नका.

धातू कोणताही ठरला, तरी पुरवठादाराकडून कणांचा आकार लेखी घ्या आणि पहिल्या लॉटमधला एक भाग कोपऱ्यात कापून जाडी मोजा.