सीट बेल्टची टुंगटुंग बंद करणारी क्लिप: पाचपैकी एक स्टार, तो पण बाटली उघडते म्हणून

सरळच सांगतो, ही क्लिप घेऊ नका. ज्यांना एवढंच ऐकायचं होतं ते इथेच थांबले तरी चालेल, बाकीच्यांनी वाचा, कारण आवाजाचा त्रास खरा आहे आणि त्यावर उपाय पण आहे, फक्त तो हा नाही.

आमची पिकअप आहे, कांदा, टोमॅटो, सीझनला द्राक्षं, सगळी ने-आण तिच्यावरच. ड्रायव्हर ठेवलाय पण निम्म्या वेळा मीच चालवतो. मध्ये सीट कव्हर टाकायला गाडी दिली तर दुकानवाल्याने न विचारता दोन्ही बक्कलमध्ये एकेक क्लिप खोचून ठेवली, वर म्हणतो कसा, "दादा, या फ्री आपल्याकडून, आता आवाज आला तर सांगा." एरवी या शे-दोनशेला जोडीने मिळतात.

वस्तू म्हणजे काय तर बेल्टच्या टोकाला जी पत्र्याची जीभ असते ना, तेवढीच जीभ, मागे पट्टाच नाही. डोक्यावर चकचकीत क्रोम आणि त्यावर कुठल्यातरी भारी कार कंपनीचा लोगो, म्हणजे दोन टन माल वाहणाऱ्या गाडीत बसल्या बसल्या परदेशी कारचा फील. बक्कलच्या आत एक छोटा स्विच असतो, जीभ आत गेली की तो दबतो आणि गाडीला वाटतं बेल्ट लागला. तिला बिचारीला काय माहीत पट्टा छातीवर आहे की खांबाला लोंबकळतोय. म्हणजे क्लिपचं काम काय तर गाडीशी खोटं बोलणं, आणि ते ती शंभर टक्के करते, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. एक तर ही जीभ आत घट्ट बसत नाही, थोडी सैल राहते, त्यामुळे शिवार रस्त्याला गाडी लागली की कडकडकड सुरू, म्हणजे टुंगटुंग गेली आणि कडकड आली. दुसरं, उन्हात गाडी उभी राहिली की ते क्रोम असं तापतं की चुकून मनगट टेकलं तर ड्रायव्हरच्या तोंडून काय निघतं ते इथे लिहिता येणार नाही. आणि तिसरं, जे सगळ्यात वाईट, आमचा ड्रायव्हर आधी निदान आवाजाला कंटाळून का होईना बेल्ट लावायचा. क्लिप आल्यावर लावायचा असेल तर आधी ती काढा, कुठेतरी ठेवा, मग बेल्ट लावा, एवढं कोण करतंय! हायवेला मामा दिसला की पट्टा नुसता हाताने छातीवर ओढून धरायचा, एका हातात स्टेअरिंग. म्हटलं अरे बाबा हे तर आधीपेक्षा डेंजर झालं. दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब खाली 1000 रुपये आहे तो वेगळाच.

अजून एक प्रकार मिळतो, त्यात क्लिपच्या पाठीवर खाच असते, बेल्टची खरी जीभ त्या खाचेत लावायची म्हणजे बेल्ट पण लागतो असं विकणारा सांगतो. तो तर हात पण लावू नका. धडकेच्या वेळी तुमच्या अंगाचा सगळा जोर त्या एका बक्कलवर येतो, आणि मध्ये हा कुठल्या धातूचा, कुणी ओतलेला, कुणी तपासलेला तुकडा. तुटला तर कुणाला विचारणार?

आता कायद्याचं. बऱ्याच जणांना माहीतच नाही की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, स्नॅपडील, शॉपक्लूज आणि मीशो या पाचही जणांना या क्लिपा साईटवरून काढायला लावल्या, एकूण 13,118 लिस्टिंग काढल्या गेल्या. गंमत म्हणजे काही विक्रेते हीच वस्तू बाटली उघडायचं ओपनर नाहीतर सिगारेट लायटर म्हणून लपवून विकत होते, हेही त्यात पुढे आलं. (माझ्या क्लिपेला पण तसा बाटली उघडायचा हूक आहे, स्टार त्याचाच.) प्राधिकरणाने असंही म्हटलंय की अशी क्लिप वापरलेली असेल तर विमा कंपनी तुमचाच हलगर्जीपणा दाखवून क्लेम नाकारू शकते. हप्ता भरताना जीव जातो आणि क्लेमच्या वेळी शे-दोनशेच्या पत्र्यापायी हात हलवत परत यायचं, परवडतंय का सांगा.

हा सगळा विषय तापला तो उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या अपघातानंतर, 4 सप्टेंबर 2022, आपल्या पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर. गाडी कुठली होती बघा, मर्सिडीज, सेफ्टीला कमी नाही, पण जे दोघं गेले ते मागे बसलेले आणि दोघांनीही बेल्ट लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर गडकरींनी जाहीरपणे सांगितलं होतं की आपण चार मुख्यमंत्र्यांच्या गाडीत पुढे बसलो तर तिथेही आवाज येऊ नये म्हणून क्लिप लावलेली. म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळे एकाच माळेचे मणी. केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचा 2021 चा आकडा आहे, बेल्ट न लावल्यामुळे 16,397 लोक गेले, त्यातले 8,438 चालवणारेच होते.

"पण पिकअपला कुठे एवढा स्पीड असतो" असं म्हणणारे आमच्याकडे पण आहेत. भाऊ, माल वाहणाऱ्या छोट्या गाड्यांमध्ये कितीतरींना पुढे नाकच नसतं, तुमचे गुडघे आणि समोरचा ट्रक यात एक पत्रा आणि डॅशबोर्ड. त्यात एअरबॅग असेल तर ती बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते, पट्टा शरीर मागे धरतो तेव्हा ती गादीसारखी काम करते, मोकळा माणूस पुढे फेकला जात असतानाच ती फुटून तोंडावर आली तर तीच लागते.

बरं, आता त्रासाचं बोलू, कारण कटकट आहे हे मी नाकारत नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त बोंब क्लीनर साईडची. त्या सीटच्या गादीखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो, त्याला माणूस आणि कांद्याची गोणी यातला फरक कळत नाही. डबा, पाण्याचा जार, ताडपत्री, टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट, काहीही ठेवा, गाडी हलली की टुंगटुंग, थोडं पुढे गेलं की टुंगटुंगटुंग घाईघाईने, जसं काय क्रेटलाच बेल्ट लाव म्हणतेय. उपाय फुकटचा आहे, तिथला बेल्ट खरोखर लावून टाका, क्रेटच्या पुढून घेऊन. आवाज पण बंद आणि ब्रेक मारला की क्रेट डॅशबोर्डवर येत नाही. कुणी बसायला आलं की सामान काढावंच लागतं, तेव्हा बेल्ट आपोआप मोकळा होतो आणि त्या माणसाला लावावा लागतो. नाहीतर सामान सीटच्या खाली पायाजवळ ठेवा, किंवा सरळ मागे हौद्यात टाका.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असं समजू नका. अमेरिकेत 1974 च्या मॉडेलच्या गाड्यांना अशी सिस्टिम होती की पुढच्यांनी बेल्ट लावल्याशिवाय गाडी स्टार्टच होणार नाही. शेजारच्या सीटवर किराण्याची पिशवी ठेवली नाहीतर कुत्रं बसवलं तरी गाडी अडून बसायची, लोक एवढे भडकले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या संसदेने ती सक्ती काढून टाकली, आणि वर बझर आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजवायची सक्ती सरकारला करता येणार नाही असंही ठरवलं. पुढे फोर्डने 2000 च्या मॉडेलपासून स्वतःहून जास्त वेळ वाजणारा बीप आणला. आणि तिथेही बेल्ट लावण्यात सगळ्यात मागे कोण तर पिकअपवाले! तिथल्या विमा कंपन्यांच्या रस्ते सुरक्षा संस्थेचा अंदाज आहे की चिवट, लवकर न थांबणारा आवाज असेल तर एरवी नेहमी बेल्ट न लावणाऱ्यांमध्ये वापर 34 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. म्हणजे आवाज मुद्दामच डोक्यात जाईल असा केलेला असतो, डोक्यात गेला म्हणजे काम करतोय.

दुसरी केस, बेल्ट लावलेला आहे आणि तरी वाजतंय. यात शंभरातल्या बहुतेक वेळा बक्कलमध्ये कचरा असतो. आमच्या गाडीत कांद्याची फोलपटं निघाली, ती पातळ लाल सालं असतात ना, ती उडून बक्कलच्या फटीत जाऊन बसलेली, जीभ टक्‌ वाजायची पण पूर्ण खाली जात नव्हती. पंक्चरवाल्याकडे जाऊन कॉम्प्रेसरची हवा मारून घेतली, चहाच्या पैशात काम झालं. त्यात तेल ग्रीस काही सोडू नका, सगळी धूळ चिकटून चिखल होतो. हवा मारूनही नाही थांबलं तर स्विच गेलाय, बक्कल बदलून घ्या. वायरमन म्हणेल "शॉर्ट मारून देतो, दोन मिनिटांचं काम", देऊ नका मारू, ती क्लिपच झाली, फक्त काढता न येणारी, आणि सीटखालच्या पिवळ्या कपलरला हात लागला तर एअरबॅगचा दिवा पेटून बसेल ते निस्तरा मग.

लिलावाच्या रांगेत मात्र वैताग येतो हे खरं. लासलगावला सीझनमध्ये रांग लागली की गाडी चार हात पुढे, थांबा, उतरा, कुणाशी बोला, परत बसा, परत चार हात. तिथे मी गाडी बंदच ठेवतो, डिझेल पण वाचतं, आणि हलवायची वेळ आली की बेल्ट लावायला कितीसा वेळ लागतो.

राहिला मानेला घासण्याचा प्रश्न, जो ड्रायव्हर लोकांचा खरा बहाणा असतो, उन्हाळ्यात घामाने पट्टा काचतो हे बरोबर आहे. आधी दरवाजाच्या खांबावर बेल्ट वर-खाली करायची चाप आहे का बघा, कित्येकांनी ती कधी दाबलेलीच नसते. नसेल तर बेल्टवर गुंडाळायचं कापडी पॅड मिळतं, आम्ही क्लिप काढून टाकून तेच घेतलं आणि त्याला मी चार स्टार देईन. लांब जाड घेऊ नका, पट्टा पूर्ण आत ओढला जात नाही आणि दारात अडकतो, पातळ आणि वीतभर पुरे. आणि काळंच घ्या, दुकानदार फिकट रंग गळ्यात मारतो, त्याचं कांद्याच्या धुळीत आठवड्यात पोतेरं होतं.