मोठ्या वयात इंग्रजी वाचायला लागणाऱ्यांसाठी : ऑक्सफर्ड बुकवर्म्स

मराठी माध्यमातून बारावी झालेल्या, इंग्रजीचे व्याकरण बऱ्यापैकी ठाऊक असलेल्या, तरीही इंग्रजीतले एक पुस्तक सलग वाचू न शकणाऱ्या माणसाच्या हाती नेमके काय द्यावे, हा प्रश्न साताऱ्यात संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला नेहमीच पडतो. वर्तमानपत्र दिले तर पहिल्याच बातमीत त्याचा धीर सुटतो आणि लहान मुलांचे चित्रांचे पुस्तक दिले तर एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या तिशीतल्या माणसाला ते चारचौघांत उघडायचा संकोच वाटतो. ही अडचण ग्रेडेड रीडर्स, म्हणजे भाषा शिकणाऱ्यांसाठी सोप्यापासून अवघडाकडे पायरीपायरीने लिहिलेली पुस्तके, चांगल्या प्रकारे सोडवतात. माझ्या वर्गात ऑक्सफर्ड बुकवर्म्स ही मालिका सर्वांत जास्त वाचली गेली आहे, म्हणून मुख्यतः तिच्याविषयी लिहितो.

या पुस्तकांतली गोष्ट मोठ्यांचीच असते. खून, प्रेम, समुद्रप्रवास, एखाद्याचे चरित्र असे विषय असतात. मात्र ते ठरावीक मूळ शब्दांच्या मर्यादेत सांगितलेले असतात. सुरुवातीच्या स्टार्टर पायरीला २५० शब्द, पहिल्या पायरीला ४००, दुसरीला ७००, तिसरीला १,०००, चौथीला १,४००, पाचवीला १,८०० आणि सहावीला २,५०० अशी ही चढण आहे. ‘गो’, ‘गोज’, ‘वेंट’ ही एकाच मूळ शब्दाची रूपे धरली जातात, त्यामुळे प्रत्यक्षात डोळ्यांखालून जाणारी रूपे याहून बरीच अधिक असतात. शब्दांची अशी मोजदाद करून वाचनपुस्तके तयार करण्याचे मोठे काम मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने १९२० च्या दशकात ढाक्यात, बंगाली विद्यार्थ्यांना शिकवताना केले, हे आपल्याकडच्या शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावे. नवे शब्द एकदम अंगावर आले की मूल वाचन सोडून देते, हे त्याने आपल्याच उपखंडातल्या वर्गांत पाहिले होते.

मला स्वतःला शब्दसंख्येपेक्षाही या मालिकेतली व्याकरणाची आखणी अधिक मोलाची वाटते. स्टार्टरमध्ये गोष्ट वर्तमानकाळात चालते, साधा भूतकाळ पहिल्या पायरीला येतो, ‘विल’चा भविष्यकाळ आणि सोपी ‘इफ’ची वाक्ये दुसरीला, ‘यूज्ड टू’ आणि ‘हू’, ‘विच’ने जोडलेली वाक्ये तिसरीला, आणि कर्मणी प्रयोग चक्क चौथ्या पायरीला येतो. आपल्या शाळांत कर्तरीचे कर्मणी करून दाखवण्याचा सराव परीक्षेसाठी भरपूर होतो, पण ते वाक्य गोष्टीत कधी आणि का येते हे विद्यार्थ्याने पाहिलेलेच नसते. म्हणून प्रयोगाचे नियम घडाघडा सांगणारा मुलगा पहिल्या पायरीच्या पुस्तकात रमलेला दिसला तर पालकांनी त्यात कमीपणा मानू नये.

हा कमीपणाच खरे तर सर्वांत जास्त नुकसान करतो. पदवीधर माणूस थेट चौथ्या पायरीचे पुस्तक उचलतो. माझ्या वर्गातल्या एका परिचारिकेने परत केलेले असे पुस्तक मी चाळले, तेव्हा पहिल्या तीन पानांवर जवळजवळ प्रत्येक ओळीत शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले होते आणि चौथ्या पानापासून पुढे सगळी पाने कोरी होती. तिला दुसऱ्या पायरीचे पुस्तक दिले, त्यात पेन्सिलीची खूण क्वचितच होती आणि पुस्तक परत करताना तिने विचारले, “सर, याच पायरीचं अजून एखादं आहे का?” ओळखीच्या शब्दांचे प्रमाण शेकडा ९८ च्या आसपास असेल तर मदतीशिवाय वाचन सुखाने होते, असे या विषयाचे अभ्यासक मानतात. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अडावा. दुकानात मधलेच एखादे पान उघडून वाचावे आणि पाच-सहा ओळींतच चार शब्द अडले, तर निमूटपणे खालची पायरी घ्यावी. शिवाय एका पायरीची निदान चार-पाच पुस्तके वाचल्याखेरीज वर चढू नये, कारण तेच शब्द वेगवेगळ्या गोष्टींत पुन्हा भेटल्याशिवाय अंगवळणी पडत नाहीत.

उणिवा आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. शब्दांची मोजदाद होते, अर्थांची तितक्या काटेकोरपणे होत नाही. ‘गिव्ह’ आणि ‘अप’ दोन्ही ठाऊक असलेला वाचक ‘गिव्ह अप’पाशी (म्हणजे सोडून देणे) थांबतो, आणि तो का थांबला हे त्याला स्वतःलाही कळत नाही. शेवटी दिलेली शब्दार्थाची यादी इंग्रजीतूनच असते. वरच्या पायऱ्यांना ते योग्यच आहे, पण अगदी नवख्या वाचकाजवळ सुरुवातीला कोणीतरी सांगणारे असावे लागते. पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या प्रश्नांचा आग्रह मी धरत नाही. गोष्ट संपल्याबरोबर परीक्षा सुरू झाली की वाचनाची गोडी जाते.

इतर मालिकांबाबत एक सावधगिरी बाळगावी. पायरीचा आकडा प्रत्येक प्रकाशकाचा वेगळा असतो. तिसरी पायरी म्हणजे ऑक्सफर्डमध्ये १,००० शब्द, तर केंब्रिज इंग्लिश रीडर्समध्ये १,३००. त्यामुळे मुखपृष्ठावरचा क्रमांक न पाहता शब्दसंख्या पाहावी. केंब्रिजच्या त्या मालिकेतल्या कथा खास शिकणाऱ्यांसाठीच नव्याने लिहिलेल्या आहेत, म्हणून त्या संक्षेप केल्यासारख्या तुटक वाटत नाहीत. घरात लहान मूल असेल तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचे ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ जरूर पाहावे. तिथे मराठी आणि इंग्रजी गोष्टी चार पातळ्यांत विनामूल्य मिळतात आणि आई-वडिलांचेही वाचन मुलाबरोबर होऊन जाते.

ऑनलाइन मागवताना छपाई नीट तपासून घ्यावी. स्वस्तात मिळालेल्या एका प्रतीतली चित्रे काळवंडलेली होती आणि शब्दार्थाची पानेच गायब होती, ती मी परत केली. एकट्याने सगळी मालिका विकत घेणे बहुतेकांना परवडणारे नाही. पहिल्या पायरीचे पुस्तक साधारण पाच-सहा हजार शब्दांचे असते आणि सावकाश वाचले तरी एक-दोन संध्याकाळीत संपते, त्यामुळे खरेदीपेक्षा ते वाचनालयात असणेच सोयीचे. आपल्याच जिल्ह्यात भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. तिथे वाचकांसाठी पुस्तके ठेवलेल्या घरांपैकी एखाद्या घरात, तसेच साताऱ्यातल्या आणि तालुक्यांच्या वाचनालयांत, पहिल्या तीन पायऱ्यांची प्रत्येकी दहा-बारा पुस्तके असलेले एक कपाट ठेवावे आणि कपाटावर पायरीऐवजी शब्दसंख्या ठळक लिहावी, अशी माझी ग्रंथपालांना विनंती आहे.